बिनमिठाचे रविवार

माझ्या बहिणीला काळी म्हणणाऱ्यांच्या जिभेला काटे फुटोत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला "सुभद्रे, जरा शांतपणे सांग" म्हणायला नको. शांतपणे सांगण्यासारखं यात काही नाही.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या. मी थोरली, उत्तमरावांची बायको. जमुना धाकटी, देवीदासची. सासर अमरावतीचं, राजापेठेच्या पलीकडे माळ्यांच्या बागा आहेत तिथलं. वांगी, मेथी, मुळे, कडेला मोगऱ्याचे ताटवे, आणि विहिरीचं पाणी असं गोड की वाटसरू मुद्दाम वाट वाकडी करून प्यायला येत. माहेर आमचं तेल्हाऱ्याजवळचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथं काळ्या जमिनीत कपाशी छान होते, पण विहीर खणली की लागतं ते खारं पाणी. पाहुणा पहिला घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. आम्ही त्याच पाण्यावर वाढलो, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. ज्या साली दहीहांड्याला लोकांनी विहिरीचं पाणी आटवून मीठ काढलं आणि सरकारने त्यांना धरून नेलं, त्याच्या पुढच्या वर्षी जमुनेचं लग्न झालं. आमचे बाबा, नत्थुजी, गावभर सांगत फिरले, "दोनी पोरी गोड्या पाण्यात देल्ल्या!"

लग्नात जमुना गव्हाळ रंगाची, हसरी, पायात भिंगरी असल्यागत पळणारी होती. मग हळूहळू ती मंदावली. सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरायला लागली. तण निंदायला बसली की सरीतच बसून राहायची, आणि उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. अन्न नकोसं झालं. अंग झडलं, गळ्याशी मात्र गाठ वर आली. आणि रंग बदलला. उन्हात राबणारी बाई रापते, ते आम्हाला ठाऊक आहे. पण हिच्या तळहातावरच्या रेषा काळ्या झाल्या, हिरड्या काळ्या झाल्या, लहानपणी विळा लागला होता त्या मनगटावरची खूण काळी झाली. हिरड्यांना ऊन कुठून लागणार, एवढा साधा विचार त्या घरात कोणाच्या डोक्यात आला नाही.

त्यात तिला मिठाचं वेड लागलं. चुलीशी गेली की गाडग्यातला मिठाचा खडा उचलायची आणि गालात धरून बसायची. लोणचं संपलं की बरणीतला खार बोटाने पुसून खायची. एकदा सासूने, पार्बताबाईंनी, तिला हात गाडग्यात असतानाच धरलं.

"चोट्टी कुठची! मीठ काय चोरून खायाची गोष्ट हाये?"

त्या दिवसापासून मिठाचं गाडगं वरच्या फळीवर गेलं. जमुनेचा हात तिथवर पोचत नसे, आणि पाट ठेवून चढायला तिच्या पायात बळ नव्हतं.

दिवाळीला किंवा आखाजीला ती माहेरी गेली की मात्र पंधरवड्यात उठून कामाला लागायची. रंग तसाच राहायचा, पण डोळ्यांत जीव यायचा, भाकरी मागून घ्यायची. परत आली की पुन्हा तेच. आता हे कोणी पाहिलं तर काय म्हणेल? सासू म्हणाली तेच म्हणेल.

"सासरी लोळते अन् माहेरी पळते. हा रोग नोय, हे नाटक हाये."

मी भांडले. मी त्या घरात भांडणासाठीच प्रसिद्ध आहे. पण भांडून करणार काय? माझ्याकडे तरी दुसरं उत्तर कुठं होतं?

मग पौष आला आणि सासूला उपाय सुचला. रंग सूर्यदेवाने नेला, तोच परत देईल. पौषातले रविवार बिनमिठाचे धरायचे. आणि दुखणं जुनं, म्हणून नुसते रविवार पुरायचे नाहीत, मधल्या वारांनाही मीठ वर्ज्य, ते थेट रथसप्तमी होऊन जो रविवार येईल तोवर. मी तोंड उघडणार एवढ्यात तिने मला गप्प केलं.

"तुमचीच माय करत होती ना व? जनमभर केले तिनं हे रईवार. काई झालं तिले?"

हे खरं होतं. आमची आई हयात होती तोवर दर पौषात बिनमिठाचे रविवार करायची. आम्ही पोरी हट्टाने तिच्या ताटाशी बसायचो, तेच वरण, तीच भाकरी खायचो, आणि दुपारी चिंचेखाली उड्या मारायचो. आईचाच नेम म्हटल्यावर मी काय बोलणार?

आणखी एक सांगते, ते सांगितल्याशिवाय न्याय होणार नाही. सासूने जमुनेबरोबर स्वतःही मीठ सोडलं. म्हातारी पहाटे थंड पाण्याने अंघोळ करायची, सूर्याला अर्घ्य द्यायची आणि सुनेबरोबर बिनमिठाची भाकरी पाण्याच्या घोटाने गिळायची. तिने कपट केलं असतं तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण ती मनापासून करत होती, आणि मनापासून करणाऱ्या माणसाला थांबवायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. त्याचाच मला जास्त राग येतो.

पण ह्याच म्हातारीने बडनेऱ्याला एक मुलगी पाहून ठेवली होती. तेही तिने लपवलं नाही. नेम पुरा होऊन सून सुधारली तर ठीक, नाही तर देवीदासचं दुसरं लग्न. घराला हातपाय चालणारी बाई हवी, असं ती चारचौघांत म्हणाली. देवीदास तिथंच बसला होता. मूग गिळून बसणं हा त्याचा धंदाच आहे, बागाईत आपली जोडीला.

सवतीच्या धाकाने जमुनेने नेम असा धरला की सासूनेही धरला नसेल. मी तिच्या भाकरीच्या पिठात गुपचूप मीठ घातलं. पहिल्याच घासाला तिचा चेहरा उजळला. तोंडात पाणी आलं असेल, जीभ आसुसली असेल, मला समोर दिसत होतं. आणि तिने तो घास थुंकून टाकला.

"ताई, काहून करतं असं? मोडन ना माहा नेम!"

"मोडू दे मेला नेम! तुहं तोंड पाय आरशात. हाडं निंगाली."

"नेम मोडला तं ते बडनेऱ्याची आणतीन. मले बरं व्हाचं हाये, ताई. तू मंधात येऊ नोको."

तिने चुळा भरून तोंड धुतलं. मी ती भाकरी बैलांना घातली आणि परसात जाऊन रडले. सासूशी भांडता येतं. जिला वाचवायचं तीच दात आवळून बसली तर कोणाशी भांडायचं?

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी ती पडली. सकाळपासून उलट्या होत होत्या, तरी अर्घ्य द्यायला उठली, आणि तांब्या हातात घेऊन तुळशीपाशी कोसळली. हातपाय गार पडले. हाक मारली तर डोळे उघडायची, पण ओळख नव्हती. सासूने तिचे तळवे चोळले, कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "देव पारख पाहून राह्यला. उठन आत्ता."

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही की सासूकडे. मी मोटेवर गेले आणि उत्तमरावांना म्हटलं, "गाडी जुपा. नाई तं मी पाठीवर घिऊन जातो." माझा नवरा बोलत नाही, पण ऐकतो. त्यांनी भाजीच्या गाडीतून टोपल्या खाली ओतल्या, घोंगडं अंथरलं, आणि आम्ही तिला बायकांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई नागपूरहून आलेल्या होत्या, करारी, चष्म्यातून रोखून पाहणाऱ्या. त्यांनी नाडी पाहिली, दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला, आणि एकदम धावपळ सुरू केली. शिरेत सुई घालून बाटलीतलं पाणी सोडलं. ते पाणी कसलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, मिठाचं. मला वाटलं त्या माझी थट्टा करताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुना उठून बसली आणि पेज प्यायली. बाईंनी तिचे तळहात पाहिले, हिरड्या पाहिल्या, गळ्याची गाठ दाबून पाहिली, छाती तपासून क्षय नाही म्हणाल्या. मग मला बाहेर बोलावलं.

"हिला मीठ खावंसं वाटत होतं का?"

"चोरून खात होती," मी म्हणाले.

"आणि तुम्ही बंद केलंत?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत गेल्या तशा त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर लहान लहान ग्रंथी असतात. अंगातलं मीठ धरून ठेवणं हे त्यांचं काम. हिच्या त्या ग्रंथी वाळत चालल्या आहेत, गळ्यातली ग्रंथीही त्याच वाटेवर आहे. मग मीठ लघवीवाटे वाहून जातं आणि अंग मीठ मागत राहतं. काळा रंगही त्याच दुखण्याचा.

"पन कशानं वाळल्या, बाई? कोनाची नजर, काई करणी?"

"करणी नाही आणि बाहेरचा रोगजंतूही दिसत नाही. एकाच बाईच्या दोन-दोन ग्रंथी अशा आतल्या आत का जातात, ते आज कोणालाच नीट ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की हिचं मीठ तोडाल तर ही मरेल. विलायतेत ग्रंथींच्या अर्काचं औषध निघालंय, ते इथं मिळत नाही. तोवर भरपूर मीठ, आणि उपास एकही नाही. जन्मात नाही."

मग त्यांनी विचारलं, "माहेरी बरी होते म्हणता. तिथं काय वेगळं खाते?"

"वेगळं काई नाई. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण."

"आणि पाणी?"

आमच्या विहिरीचं पाणी! वरण त्या पाण्यात शिजलेलं, पीठ त्या पाण्यात मळलेलं, वर तांब्याभर तेच पाणी प्यायलेलं. आमच्या गावात बिनमिठाचा रविवार कधी झालाच नव्हता. आईने जन्मभर जो नेम केला त्यात मीठ होतंच, तिला माहीत नव्हतं एवढंच. आणि तोच नेम ह्या गोड्या पाण्याच्या घरात आणून आम्ही पोरीला जवळजवळ जाळायला नेली होती. मला इतका राग आला की दवाखान्याच्या कठड्याचा गज मी हाताने हलवला. राग कोणावर काढावा तेही कळेना. आईवर काढायचा, की विहिरीवर, की "गोड्या पाण्यात देल्ल्या" म्हणून छाती फुगवणाऱ्या बापावर?

घरी आलो. मी दारातूनच सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी म्हातारी कपाळावर हात मारून घेईल. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"बाटलीतून गेलं ते तोंडातून नाई गेलं. नेम मोडला नाई. एकच रईवार राह्यला, तेवढा करू द्या."

मी फळीवरचं गाडगं खाली ओढलं. ओंजळभर मीठ घेतलं आणि चुलीवरच्या वरणात टाकलं. सासू किंचाळली.

"सुभद्रे! नेम मोडनारीचं कुकू पुसल्या जाते! ध्यानात ठेव!"

"माहं कुकू पुसलं तं लेक तुमचाच जाईन, आत्याबाई. माही बहीन मेली तं तुमचं काय जाते? बडनेऱ्याची तयारच हाये!"

"आमचं मीठ खाऊन आमच्यावरच उलटते?"

"मीठ देल्लं कुठं तुमी तिले?"

अंगणात देवीदास खुरप्यावरची माती काढत होता, त्याने ते काम थांबवलं नाही. बोलले ते उत्तमराव. ज्यांच्या जिवावर शाप बसणार होता, ते. ते आईसमोर कधी मोठ्याने बोलले नव्हते.

"मी मेलो तं मेलो, माय. पोरगी काहून मारता?"

त्यांनी आम्हाला बडनेऱ्याला आगगाडीत बसवलं आणि अकोल्याहून मोटरने तेल्हाऱ्यापर्यंत स्वतः आले. जमुना सगळ्या वाटेने रडत होती. तिला माहेर नको होतं, तिला तो रविवार पुरा करायचा होता. मी तिचा दंड सोडला नाही.

माहेरी ती पुन्हा उभी राहिली. मी वरणात मीठ घालायची, ताकात घालायची, वर लोणचं वाढायची, आणि पाणी तर आपलं घरचंच होतं. शिमग्यापर्यंत ती डोक्यावर घागर आणायला लागली. रंग काही परतला नाही. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून "जळकं लाकूड" म्हणायच्या, आणि मी प्रत्येकीच्या दारात जाऊन तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करून यायची.

आणि एवढं बळ अंगात आल्यावर आमची जमुना पहिलं काय म्हणाली असेल?

"ताई, आता मी बरी झाली. मले घरी धाड."

"कोन्त्या घरी?"

"माह्या घरी. त्याइले कोन करून घालत असन?"

माझ्या हातात पळी होती. ती मी भिंतीवर अशी भिरकावली की भिंतीचा पोपडा पडला. दवाखान्यातून मी तिला माघारी आणली ती ह्याच्यासाठी? मी तिला नाही नाही ते बोलले. गाय खाटकाच्या मागे जाते तिला दावं तरी असतं, तुला तेही लागत नाही, असं बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली.

पाडव्याच्या सुमारास देवीदास तिला न्यायला आला. पांढरी टोपी, हातात मोगऱ्याचा पुडा. बाबांचा आनंद गगनात मावेना. टाकली म्हणून लोक बोलत होते त्या लेकीला जावई स्वतः न्यायला आला होता. त्यांनी सतरंजी टाकली, मला स्वयंपाकाला पिटाळलं, जमुनेला म्हणाले, "बाई, गठुडं बांध. नशीब समज आपलं."

मी चुलीशी बसून ऐकत होते. देवीदास पाणी प्यायला, तोंड वाकडं केलं आणि खाली पाहत म्हणाला,

"मायचं एकच म्हननं हाये. तो एक रईवार राह्यला, तेवढा घरी येऊन पुरा करा. मंग मीठ खाय म्हनते, कोनी रोकनार नाई. तिचं मन राह्यते."

मी उठलेच. हातात काय होतं ते आठवत नाही, पण त्याच्या डोक्यात घालण्यासारखं काहीतरी होतं. तेवढ्यात जमुना आतून आली. गाठोडं तिच्या काखेत होतं. नवं लुगडं नेसली होती. मला वाटलं संपलं, आता ही जाते आणि मरते.

ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"एक विचारू?"

"विचार ना."

"त्या रईवारी मी मेली असती, तं तुमी बडनेऱ्याले कवा गेले असते?"

बाबा "हे काय बोलनं झालं" म्हणून ओरडले. देवीदासने मात्र विचार केला. खरंच विचार केला, मान वर करून, कपाळाला आठ्या घालून. खोटं बोलण्याएवढीसुद्धा अक्कल देवाने त्याला दिलेली नाही.

"माय म्हनली असती तवा," तो म्हणाला.

जमुना त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या काळ्या ओठांचा थरकाप व्हायला लागला. मला वाटलं ही आता पडणार, म्हणून मी पुढे झाले. ती पडत नव्हती. तिला राग आला होता. लग्न झाल्यापासून त्या पोरीला राग आलेला मी पाहिला नव्हता, मला वाटायचं आमच्या घरातला सगळा राग माझ्याच वाट्याला आला.

तिने गाठोडं खाली टाकलं. जावयासाठी मांडलेल्या पाटाकडे गेली आणि त्यावर बसली.

"ताई, वाढ मले."

बाबा पुढे धावले. "नवऱ्याच्या आंधी? अवं, जवाई उभे हायेत!"

"हाव. आंधी. अन् ताई, मीठ बी आन."

मी जावयासाठी काढलेलं ताट तिच्यापुढे ठेवलं. देवीदास मोगऱ्याचा पुडा हातात धरून दारातच उभा होता, बसावं की जावं हे सांगायला त्याची आई तिथं नव्हती. जमुनेने वरणात बोटाने मीठ कालवलं, भाकरी कुस्करली आणि खाली मान घालून पोटभर जेवली. मधे एकदाच मान वर केली, तीही माझ्याकडे.

"अजून एक भाकर दे," ती म्हणाली.